शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि तळमजल्यावरचं ग्रंथालय

प्रति,
महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संगणक आणि माहिती-तंत्रज्ञान विभागांचे प्रमुख, प्रोजेक्ट गाइड आणि विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांचे सदस्य यांस

सर, मॅडम, सप्रेम नमस्कार.

जुलै-ऑगस्टमध्ये शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागतात. विभागाच्या यादीत एखादी ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ हमखास असते. चार मुलांचा ग्रुप ती शून्यापासून लिहितो: लॉगिनचं पान, पुस्तकांचा तक्ता, उशिराच्या दंडाचा हिशेब. मेमध्ये एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) येतात, व्हायवा होतो, ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, बांधून कपाटात जातं आणि त्या सिस्टीममधून एकही पुस्तक कधी कुणाला दिलं जात नाही. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर कॉलेजचं ग्रंथालय मात्र बऱ्याच ठिकाणी कोहावर चालतं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी लिहिलेली ही प्रणाली जानेवारी २००० मध्ये तिथे सुरू झाली आणि आज जगभरातली ग्रंथालयं ती वापरतात. तिचा सगळा कोड उघडा आहे, बगांची यादी उघडी आहे, त्यावरच्या चर्चा कुणीही वाचू शकतो. मराठी पुस्तक शोधताना कुठे अडतं हे तुमच्या ग्रंथपालांना तोंडपाठ असतं. ते ऐकायला वरच्या मजल्यावरून कुणी खाली येत नाही.

माझी विनंती अशी आहे. चालू असलेल्या ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना कोड उघडा असलेल्या, प्रकल्पात केलेला बदल हा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून मान्य करा. त्याचे गुण देताना किती बदल मर्ज झाले, म्हणजे प्रकल्पाने स्वीकारून आपल्या कोडमध्ये घेतले, हे मोजू नका. तो बदल ज्या तपासणीतून गेला ती तपासणी वाचा आणि तिच्यावर गुण द्या.

मी पुण्यात प्रोग्रॅमर म्हणून नोकरी करतो, आणि संध्याकाळी एका ओपन सोर्स प्रकल्पात इतरांचे पॅच, म्हणजे त्यांनी पाठवलेले कोडमधले बदल, तपासतो. नोकरीत नवीन भरतीच्या मुलाखतींनाही बसतो. मुलं हुशार असतात, भाषा येतात, डेटा स्ट्रक्चर पाठ असतात. पण दुसऱ्याने लिहिलेला मोठा कोड समोर ठेवला की बहुतेक जण गोंधळतात, कारण चार वर्षांत तो त्यांच्यासमोर कुणी ठेवलेलाच नसतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांना नेमकं तेच करायचं असतं. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेलं वाचायचं, त्यातली एक जागा शोधायची, तिथे बदल करायचा, आणि तो करताना बाकीचं काही मोडलं नाही हे दाखवून द्यायचं.

तुम्ही म्हणाल, दहा ओळींच्या बदलाला अख्ख्या वर्षाचे गुण कसे द्यायचे? त्या दहा ओळींत काय असतं ते एका उदाहरणाने दाखवतो.

ग्रंथपालबाईंची तक्रार समजा अशी आहे की ‘किनाऱ्यावर’ हा शब्द टाकला की कपाटात असलेलं पुस्तक शोधात येत नाही. कुठल्याही ग्रंथसूचीत हे होऊ शकतं. कारण हा ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ, त्याला हलन्त, मग य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पुस्तकाची नोंद करणाऱ्याचा कीबोर्ड एक, शोधणाऱ्याचा दुसरा, आणि यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. युनिकोड हे संगणकात अक्षरं साठवण्याचं जागतिक मानक; त्याचं प्रमाणित सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची रीत) केलं तरी हे दोन एक होत नाहीत.

आता ग्रुपमधली एक मुलगी हा बग हातात घेते. पहिला प्रश्न: दुरुस्ती कुठे करायची? शोधाच्या पानावर नव्हे, हे कळायलाच तिला काही दिवस लागतील. कोहाचा शोध झेब्रा किंवा इलास्टिकसर्च या शोधयंत्रावर चालतो, म्हणजे जिथे शब्दांची अनुक्रमणी तयार होते तिथपर्यंत तिला उतरावं लागेल. तिथे तिला सोपा उपाय दिसतो: न दिसणारं चिन्हही काढून टाकू आणि नुक्ताही काढून टाकू. मग दोन्ही रूपं एकच होतात, पुस्तक सापडतं, मुलगी खूश होते आणि पॅच पाठवते.

तपासणारा माणूस कदाचित कॅनडात असेल, फ्रान्समध्ये असेल. त्याला मराठी येत नाही. पण तो विचारतो, की यामुळे आधी वेगळे असलेले शब्द एक होतात का? आणि मुलीला जाणवतं की होतात. ‘दऱ्या’ शोधणाऱ्याला आता ‘दर्या’ही मिळेल. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ एका रांगेत उभे राहतील. म्हणून ती नियम बदलते. चिन्ह पुसायचं नाही, उलट साधा र, हलन्त आणि जोडचिन्ह हे तिन्ही एकत्र दिसले की त्यांच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त ठेवायचा. नियम एका ओळीचा झाला. तोवर आणखी कुणीतरी विचारतो की नेपाळीतही हीच जोडणी ‘गऱ्यो’सारख्या क्रियापदांत असते, तिथे काय होईल? मुलगी नेपाळी वापरणाऱ्यांना विचारते, त्यांचे शब्द चाचणीत घालते. शेवटी बदल एका ओळीचा, चाचण्या पाच-सहा ओळींच्या, आणि सोबत बदलाचं वर्णन: अडचण काय होती, कारण काय, हाच उपाय का निवडला, दुसरा का सोडला, हे पडताळायचं कसं.

यात प्रॉब्लेम स्टेटमेंट आहे, लिटरेचर सर्व्हे आहे, डिझाइन आहे, टेस्टिंग आहे. ब्लॅक बुकमधली सगळी प्रकरणं इथे आहेत, फक्त इथे ती खरी आहेत. आणि मराठी, नेपाळी वाचणाऱ्या कुठल्याही गावातल्या ग्रंथालयात पुस्तक सापडायला लागतं. (वर्णक्रमाचा प्रश्न याहून अवघड आहे. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ला लागून येतो आणि आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. कुणा ग्रुपला वर्षभराचं काम हवं असेल तर ते इथे आहे.)

कोहाची कार्यपद्धती तुम्ही एकदा मुद्दाम वाचावी अशी माझी इच्छा आहे, कारण ती शिकवण्यासाठीच बनवल्यासारखी वाटते. प्रत्येक बदलाला बगचा क्रमांक असतो. प्रत्येक बदलासोबत पडताळणीच्या पायऱ्या लिहाव्या लागतात: हे पान उघडा, हे टाका, आधी असं दिसेल, पॅच लावल्यावर तसं दिसेल. ज्याने लिहिलं त्याला स्वतः ‘झालं’ म्हणता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी त्या पायऱ्या करून पाहायच्या आणि स्वतःच्या नावाने साइन-ऑफ द्यायचा. मग गुणवत्ता तपासणाऱ्या गटातलं कुणीतरी कोड वाचतं. मग रिलीज मॅनेजर तो मुख्य शाखेत घेतो. वर्षातून दोन मोठ्या आवृत्त्या निघतात, मे आणि नोव्हेंबरमध्ये. आपल्या सेमिस्टरशी याचा किती मेळ बसतो बघा.

साइन-ऑफ देणाऱ्याला प्रोग्रॅमिंग यायलाच हवं असं नाही. कोहाच्या सँडबॉक्सवर, म्हणजे चाचणीसाठी ठेवलेल्या ऑनलाइन प्रतीवर, पॅच लावून ब्राउझरमध्येच तपासता येतो, आपल्या मशीनवर काही बसवावं लागत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की पहिलं सत्र मुलांना स्वतःचा एकही पॅच पाठवू देऊ नका. त्यांना इतरांचे पॅच तपासू द्या, ग्रंथपालबाईंना सोबत बसवा. ‘पायरी ४ वर मला वेगळं दिसलं’ हे नीट, सभ्य आणि नेमक्या शब्दांत लिहायला शिकणं हेच त्या सत्राचं काम. एका सत्रात मुलांनी दहा पॅच नीट तपासले तर प्रकल्पाला त्याचा जितका उपयोग होतो तितका दहा नवीन पॅचांचा होत नाही. ओपन सोर्समध्ये कोड लिहिणारे पुष्कळ मिळतात, वाचणारे मिळत नाहीत.

ही टंचाई किती गंभीर आहे ते २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्यांनी पाहिलं. एक्सझेड नावाची फाइल आकुंचित करणारी छोटी लायब्ररी (इथे ग्रंथालय नव्हे, दुसरे प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड), जवळपास प्रत्येक लिनक्स मशीनवर असलेली. ती मुख्यतः एक माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, थकलेला होता, आणि तसं त्याने उघडपणे लिहिलंही होतं. एका टोपणनावाने आलेल्या ‘मदतनीसा’ने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले बदल पाठवून विश्वास मिळवला, मर्ज करण्याचा अधिकार मिळवला, आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकलं, त्याने माग काढला, म्हणून ते उघडकीला आलं. त्या थकलेल्या माणसाच्या शेजारी बदल वाचणारे आणखी दोघे-तिघे असते तर त्याला त्या अनोळखी मदतनीसाच्या भरवशावर राहावं लागलं नसतं. आपल्याकडे दरवर्षी हजारो मुलं शेवटच्या वर्षात येतात. त्यांतल्या थोड्यांना जरी वाचायला शिकवलं तरी ही कमी भरून निघायला मदत होईल.

आता काळजीचा मुद्दा. हे पत्र वाचून उद्या एखाद्या विभागाने परिपत्रक काढलं की प्रत्येक विद्यार्थ्याने पाच पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्यावा अशी प्रकल्पाला केलेली विनंती) मर्ज करून आणाव्यात, तर मी हे पत्र लिहिलंच नसतं तर बरं, असं मला वाटेल.

हॅक्टोबरफेस्ट हा उपक्रम २०१४ पासून चालतो. ऑक्टोबरमध्ये ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी तेव्हा त्याची योजना होती. २०२० मध्ये त्या टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा पूर आला: रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) एखादं विशेषण घातलेलं, एखादा स्वल्पविराम हलवलेला. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, ते बंद करत बसले, आणि ज्या प्रकल्पांना हवंय त्यांनीच नाव नोंदवावं असा नियम महिना सुरू होऊन काही दिवसांतच करावा लागला. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या प्रसिद्ध प्रकल्पात रीडमीमध्ये स्वतःचं नाव घालणाऱ्या पुल रिक्वेस्टची रांग लागली. पाठवणाऱ्यांत आपली मुलं खूप होती. शिकवणीच्या एका व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी पाठवतात हे त्याच प्रकल्पावर करून दाखवलं होतं, आणि मुलांनी ते जसंच्या तसं केलं. मुलांवर राग धरण्यात अर्थ नाही. पुल रिक्वेस्टच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस बसलेला असतो, त्याचा रविवार त्यात जातो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

ते सांगणं तुमचं काम आहे. संख्या हे उद्दिष्ट ठेवलंत की मुलं संख्याच आणणार. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात तर नक्कीच आणणार.

विभागाच्या नावाची जबाबदारी किती मोठी असते याचंही एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात) मुद्दाम सदोष पॅच पाठवून पाहिले, तपासणारे पकडतात का हे बघायला. त्यावर निबंध लिहिला. विद्यापीठाच्या नैतिकता समितीला हा माणसांवरचा प्रयोग वाटला नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये कर्नलचे एक मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या अख्ख्या विद्यापीठाकडून येणारे बदल घेणं थांबवलं आणि जुने बदलही पुन्हा तपासायला घेतले. विभागाला ते संशोधन थांबवावं लागलं, संशोधकांनी जाहीर माफी मागितली, निबंध मागे घेतला. त्या विद्यापीठात ज्यांचा याच्याशी काही संबंध नव्हता त्यांचेही पॅच त्या काळात अडले. तुमच्या कॉलेजच्या पत्त्यावरून साठ मुलं एकाच दिवशी एका छोट्या प्रकल्पावर तुटून पडली तर हेतू चांगला असूनही तुमच्या नावाचं तेच होईल.

म्हणून मुलं जाण्याआधी गाइडने स्वतः प्रकल्पाला लिहावं. आम्ही अमुक कॉलेजचे, इतकी मुलं आहेत, इतके महिने आहेत, तुम्हाला कशात मदत हवी आहे, आणि काही बिनसलं तर मला लिहा. उत्तर आलं नाही तर तो प्रकल्प सोडावा. एका प्रकल्पात एकच ग्रुप ठेवावा. ज्या प्रकल्पाने नवीन लोकांसाठी सोपी कामं वेगळी काढून ठेवली आहेत, तिथून सुरुवात करावी. लिब्रेऑफिसमध्ये अशा कामांना ‘ईझी हॅक्स’ म्हणतात. गूगल समर ऑफ कोड या नवख्यांना ओपन सोर्समध्ये आणणाऱ्या उपक्रमासाठी गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) प्रकल्प उमेदवारांकडून आधी एक छोटंसं काम करून घेतो, आपल्या पद्धतीशी ओळख व्हावी म्हणून. घराजवळ बघायचं तर आयआयटी मुंबईच्या फॉसी या ओपन सोर्स उपक्रमात ईसिमसारखी (सर्किट रचण्याची) साधनं तयार होतात, आणि मुंबईतूनच सुरू झालेलं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे. तिथल्या लोकांशी मराठीतही बोलता येईल.

गुणपत्रकातल्या ‘नॉव्हेल्टी’च्या, म्हणजे नावीन्याच्या, रकान्याचं काय, हा प्रश्न मला अनेक गाइडनी विचारला आहे. त्या रकान्यामुळेच मुलं जुन्या सिस्टीमला ब्लॉकचेन किंवा एआय जोडतात आणि पैसे भरून कुठल्यातरी जर्नलमध्ये निबंध छापून आणतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहता. बदल करण्याच्या प्रोजेक्टसाठी तो रकाना काढून टाका. त्या जागी तीन गोष्टी बघा. अडचणीचं मूळ विद्यार्थ्याने किती खोलवर शोधलं. तपासणाऱ्याच्या प्रश्नांना त्याने काय उत्तरं दिली आणि त्यानंतर कोड कसा बदलला. आणि इतरांचं काम त्याने किती काळजीने तपासलं. हे सगळं तारखेसकट जाहीर नोंदलेलं असतं, दुकानातून विकत आणता येत नाही, मित्राच्या ब्लॅक बुकातून उतरवता येत नाही. एक्स्टर्नलनी ती चर्चा व्हायवाच्या आधी वाचून यावं आणि तिच्यातल्याच एका ओळीवर बोट ठेवून विचारावं, इथे तू मत का बदललंस?

पॅच नाकारला गेला तरी पूर्ण गुण मिळू शकले पाहिजेत, हे नियमात लिहा. प्रकल्पाची दिशा वेगळी असते, मेंटेनरला वेळ नसतो, एखादा बदल सहा महिने पडून राहतो. यात विद्यार्थ्याचा दोष नसतो. मर्ज झालं तरच पास असा नियम केलात तर मुलं मेंटेनरच्या मागे लागतील, आणि असं मागे लागणं हा त्या माणसाला सर्वात जास्त छळणारा प्रकार आहे.

एआयकडून लिहून घेतलेल्या कोडबद्दल प्रत्येक प्रकल्पाचे नियम वेगवेगळे आहेत, कुठे चालतं, कुठे उघड सांगावं लागतं, कुठे सपशेल मनाई आहे. ते आधी वाचायला लावा. विभागाचा नियम साधा ठेवता येईल: जी ओळ तुला फळ्यावर समजावून सांगता येत नाही ती पाठवायची नाही.

राहिला कागदपत्रांचा भाग, आणि तो फक्त तुम्हीच सोडवू शकता. लिनक्स कर्नलमध्ये २००४ पासून प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं ती ओळ लिहिणारा जाहीर करतो. इतर अनेक प्रकल्पांनी तीच पद्धत घेतली आहे, आणि काही प्रकल्प वेगळा करार मागतात. काही कॉलेजांच्या नियमावलीत मात्र प्रोजेक्टचा सगळा कोड संस्थेच्या मालकीचा असं एक कलम असतं. मग त्या मुलाने ती सही कशाच्या आधारावर करायची? ओपन सोर्स प्रोजेक्टपुरतं हे कलम लागू नाही, मूळ प्रकल्पाच्या परवान्याखाली कोड देण्यास संस्थेची हरकत नाही, असं एका पानाचं पत्र प्राचार्यांच्या सहीने प्रत्येक ग्रुपला द्या. कॉलेजच्या वकिलांना दाखवायचं असेल तर आत्ताच दाखवा, पहिला पॅच तयार असताना नको.

विषयांच्या याद्या लागण्याआधी विभागाची एक बैठक होतेच. त्या बैठकीत ग्रंथपालांना बोलवा आणि त्यांच्याकडून अडचणींची यादी घ्या. पहिल्या वर्षी एकच ग्रुप घ्या, ज्याला वाचायचा कंटाळा नाही असा. पुणे आणि आसपासच्या कुठल्याही कॉलेजात शनिवारी येऊन गाइड आणि मुलांसोबत बसायची, पहिला पॅच सोबत तपासायची माझी तयारी आहे. त्याचं मानधन नको. लॅबमध्ये इंटरनेट असावं आणि गिटचा पोर्ट फायरवॉलने अडवलेला नसावा, एवढंच बघा.

आपला,
पुण्यातला एक प्रोग्रॅमर